सुरीशिवाय मांडलेलं जेवण

सार्डिनियात आमच्या डोंगरगावी नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री मेलेल्या माणसांसाठी जेवण मांडून ठेवतात. मॅकरोनी, वाइन, मेंढीच्या दुधाच्या चीजचा मोठा तुकडा. सुरी-काटा मात्र ठेवत नाहीत. गेलेल्यांपैकी कोणाचा राग अजून शिल्लक असेल, काय सांगावं!

बाकीझिओने यंदा ते टेबल पुन्हा पुन्हा तपासलं. धाकटा भाऊ तातानो वसंतात गेला होता, आणि कुरणावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते बंदच राहिलं होतं.

"भावजी जिवंत होते तेव्हा कधी घाबरला नाहीत," बायको मिंतोनिया म्हणाली.

"तेव्हा तो येताना दिसायचा."

सकाळी मॅकरोनी तशीच होती. चीजचे मात्र पातळ, एकसारखे काप झाले होते.

"मांजर असेल," बाकीझिओ म्हणाला.

"हो तर! साल सोलून बाजूला ठेवणारं मांजर! भावजीच ठेवायचे तशी." मिंतोनियाने घाईघाईने क्रूसाची खूण केली. "अहो, त्यांची सुरी त्यांच्याबरोबर पुरलीत ना?"

बाकीझिओ जमिनीकडे बघू लागला. "शिंगाच्या मुठीची, घडीची सुरी होती गं. एवढी चांगली वस्तू मातीत कशाला घालायची?"

"मग आहे कुठे ती?"

"घाबरू नकोस. त्याला सापडू नये म्हणून रात्री उशीखाली घेऊनच झोपलो होतो."

तो आत जाऊन सुरी घेऊन आला आणि बायकोची खात्री पटावी म्हणून त्याने ती उघडून दाखवली. पात्याला ओलं चीज चिकटलेलं होतं.