आंधळी काच

आईनं पटाशी चौकटीच्या कडेला लावली आणि हातोडा हाणला. जुनं सीलंट फाटलं. पुढच्या घावाला काच कडाडली.

"बाजूला हो, डोळ्यात जाईल."

लेक बाजूला झाली नाही. ती रजा काढून आली होती ती काच बदलायला नव्हे, आईला घेऊन जायला. पण बोटीवर पाय ठेवल्याबरोबर आईनं हातात पकड दिली, आणि बोलायचं ते पोटातच राहिलं.

शिडाची बोट होती, धक्क्याला बांधलेली. आईवडिलांचा संसार तिच्यावरच. केबिनच्या छतात एक झडप होती आणि झडपेला ही काच. म्हणायचं काच, खरं तर जाड ॲक्रिलिक. ती इतकी आंधळी झाली होती की तिच्यातून दिवस की रात्र एवढंच कळायचं. उन्हानं गेली, असं सगळा धक्का म्हणायचा. आई धक्क्यावरच्या वर्कशॉपात अशाच काचा बसवायची. साऱ्या बोटींना तिनं डोळे दिले, स्वतःची तेवढी राहिली. दिव्याखाली अंधार.

काच सुटली. लेकीनं ती उजेडात धरली. वरच्या बाजूला उन्हाच्या बारीक भेगा होत्या, कोळिष्टकासारख्या. पण आतल्या बाजूला ओरखडे होते. गोल गोल, एकावर एक, दाबून काढलेले.

"हे उन्हाचं नाही गं. पॉलिश पेपरचं आहे हे. तेही जाड्याभरड्या."

"मीच घासली होती. तू लहान होतीस तेव्हा. चकाकी आणायला गेले, बिघडली."

"तू? आणि बिघडवलीस?"

"सुगरणीचंही मीठ चुकतं कधीतरी." आईनं काच तिच्या हातातून ओढली, धक्क्याच्या दगडावर आपटली आणि तुकडे पिंपात टाकले. मग तिच्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा सारखी छतावर पालथी पडलेली असायचीस. काचेला नाक लावून."

लेकीनं नवी काच उचलून तिच्या हातात दिली.

नवी काच चौकटीत बसली, दोन्ही बाजूंना कंपनीचा कागद चिकटलेला होता तशीच. आई सीलंटवरून अंगठा फिरवत होती, तेवढ्यात बोटीवर चढायची फळी दणाणली. वडील आले. सगळा धक्का त्यांना कप्तान म्हणायचा आणि त्यांच्या विनोदांना हसायचा.

"पारदर्शक?" त्यांनी कागदावर छापलेलं वाचलं. "आत काय शिजतंय ते गावाला दाखवायचंय का?"

"उजेड येईल, अहो."

त्यांनी बूट काचेवर ठेवला आणि सगळा भार टाकला. आईचा अंगठा काच आणि चौकटीच्या मध्ये होता. आई ओरडली नाही. बूट उचलला गेला तेव्हा तिनं अंगठा काढून घेतला. नख उभं चिरलं होतं. ओल्या सीलंटमध्ये रक्त मिसळत होतं.

"पाय घसरला," ते म्हणाले आणि खाली गेले.

"या बोटीवर पाय फार घसरतात," आई म्हणाली. चिंधी गुंडाळून तिनं दुसऱ्या अंगठ्यानं कड पुन्हा सारखी केली.

निघताना लेकीनं तिचा दंड धरला. "चल माझ्याकडे. आत्ता. आहेस तशी."

"सीलंट सुकू दे. मग काचेवरचा कागद सोलायला तूच ये. तेव्हा बघू." आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "आणि तोंड असं करू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आई केबिनच्या पायरीवरून घसरली, जागच्या जागी गेली.

केबिनमध्ये दिवा लावलेला होता, कारण काचेवर कागद तसाच होता. आई जमिनीवर होती. चादर गळ्यापर्यंत. लेकीनं ती खाली केली. ओठ फाटून दात दिसत होते. टेबलाच्या कोपऱ्याला केस चिकटले होते. गळ्याभोवती बोटांचे वळ होते. पायऱ्यांना बोटं नसतात.

वडील बाकावर बसले होते. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. झाकली मूठ. दाराशी धक्क्यावरची माणसं उभी होती, माना हलवत होती. ओल्या पायऱ्या, वय झालेलं, वेळ भरली होती. पोलीस लिहून घेत होता.

"तुम्ही काही बघितलंत का?" त्यानं लेकीला विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. काल रात्री ती इथे नव्हतीच.

तिनं हात वर केला, काचेवरच्या कागदाचं टोक धरलं आणि ओढलं. तो फाटत फाटत निघाला. मग झडप ढकलून तिनं बाहेरचाही सोलला. उजेड धाडकन आईच्या अंगावर पडला. टेबल, कोपरा, केस. वरून हे असंच दिसायचं. लहानपणीच्या त्या दुपारी ती छतावर पालथी पडली होती. खाली आईचे केस वडिलांच्या मुठीत होते, आणि डोकं त्याच कोपऱ्यावर आपटत होतं, पुन्हा पुन्हा, मासा मारतात तसं. मग आईची नजर वर काचेकडे आली आणि लेक गडगडत बाजूला झाली होती. संध्याकाळी आई हसून म्हणाली होती, पाय घसरला. दुसऱ्या दिवशी काच आंधळी झालेली होती.

"हो," ती म्हणाली. "बघितलंय. सात वर्षांची होते."

टॉवेलातली मूठ हलली. दाराशी हलणाऱ्या माना थांबल्या. पोलिसानं पुढचं विचारायला तोंड उघडलं, पण ती त्याच्याशी बोलतच नव्हती. ती खाली बसली होती आणि आईचा चिंधी बांधलेला अंगठा तिच्या हातात होता.

"घासायला तुला एक दिवस उशीर झाला गं, आई. मला सगळं दिसलं होतं."