उशिरा उचललेली टोपली

प्रणालीनं टोपली उचलली. वाळूतल्या घरट्यातून वर आलेली कासवाची पिल्लं टोपलीच्या कडेला एकावर एक पडली होती. एकही हलत नव्हतं. ऊन चांगलंच चढलं होतं.

कुत्र्याकोल्ह्यांपासून जपायला घरट्यावर टोपली पालथी घालायची आणि उन्हाआधी उघडायची, हा कासवमित्रांचा पहिला धडा. आजची पाळी तिची. पण पहाटे लेक दूध पिता पिता कुशीत झोपली, तिला दूर सारवेना, आणि त्या उबेत हिचाही डोळा लागला.

किनाऱ्यावरचे जुने कासवमित्र धाकूकाका धावत आले. त्यांनी ओल्या गोणपाटावर पिल्लं सावलीत ठेवली, वर पाणी शिंपडलं. हळूहळू एकानं मान उचलली, मग दुसऱ्यानं. बरीचशी वळवळू लागली, आपापली समुद्राकडे वळली. काही मात्र तशीच राहिली. त्यातलंच एक तळहातावर घेऊन प्रणाली कधीची फुंकर घालत बसली होती.

"गो बाय, किती रडशील?" काका शेजारी टेकले. "यांची आवस बघ. अंडी घातलीन नि गेली दर्यात, मागं वळून बघितलंन पण नाय. तू उशिरा का होईना, आलीस ना?"

प्रणालीनं डोळे पुसले नाहीत.

"ती वाट तरी मोकळी ठेवून गेली होती, काका. झाकलं मी."