मधल्या दाराची किल्ली

"त्या दाराला कुलूप हवंच," मैथिली मीटिंगमध्ये ठासून म्हणाली होती. शेजारशेजारच्या दोन सोसायट्यांनी मिळून कॉलेजच्या मुलींची सोय केली होती. राहायला पलीकडचे रिकामे फ्लॅट, जेवायला इकडचा हॉल. त्यासाठी मधल्या भिंतीत जाळीचं दार बसवलं आणि मैथिलीची झोप उडाली. तिची लेक रेवा नुकती चालायला लागलेली. पोर कधी निसटेल, नेम नव्हता.

"मग किल्ली तुझ्याकडेच," सेक्रेटरी तांबेकाका म्हणाले. जो सुचवेल त्यानंच निस्तरायचं, हा सोसायटीचा जुना रिवाज.

तेव्हापासून मुली जेवून परतल्या, की रेवाला कडेवर घेऊन ती कुलूप लावायला जायची. आज पलीकडच्या कट्ट्यावर, दिव्याखाली, एक मुलगी जुन्या वर्तमानपत्रांत रानफुलं दाबत बसली होती. मैथिलीला राहवेना. ती दार ओलांडून गेली.

"अगं, कागद रोज बदल. नाहीतर बुरशी धरते."

"काकू, तुम्हाला कसं माहीत?"

काकू! दोघींत जेमतेम पाच-सहा वर्षांचं अंतर असेल.

"मीही बॉटनीलाच होते, एमएस्सीला. रेवाच्या वेळी सुटलं, ते सुटलंच."

"मग हे कुठलं, सांगा ना!"

मैथिली टेकली. विसरलेलं एकेक नाव आपसूक ओठांवर येत गेलं. रेवा जांभया द्यायला लागली, तशी मैथिली सवयीनं उठली, तिनं दार ओढलं, कुलूप लावलं.

"अहो, तुमचं घर तिकडे ना?"

खरंच की! मायलेकी पलीकडेच राहिल्या होत्या. किल्ली तर हातातच होती.

मैथिली पुन्हा कट्ट्यावर टेकली. "असू दे गं. पुढचं फूल दाखव."