पांढरी रेघ, लाल रेघ

पांढऱ्या रेघेच्या टायरवर दहा फेऱ्या मारून काका मोटारसायकल घेऊन गॅरेजमध्ये शिरले. कुणाच्या नजरेला नजर देववत नव्हती. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून बरं.

सकाळी फोन आला होता. टायर कंपनीचा साहेब. "काका, आमची लाल रेघ. बस, एवढंच सांगायला फोन केला." आणि मग अगदी सहज बोलल्यासारखं, "पुढच्या वर्षी आमच्या रेसिंग स्कूलला शिकवणारा माणूस हवाय. तुमच्याशिवाय आहे कोण?"

तिथेच फोन आपटायला हवा होता. काका म्हणाले, "बघू." गुडघे गेलेले, शर्यतीचं हे शेवटचं वर्ष, पुढे काय करायचं याचा पत्ता नाही. अशा माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? पण फोन ठेवल्यापासून त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

आजवर ज्याचा खिसा मोठा त्याचे टायर चांगले आणि बाकीच्यांनी मागून धूर खायचा, असा कारभार होता. पुढच्या वर्षीपासून तिसाच्या तीस शर्यतवाल्यांना एकाच कंपनीचे टायर, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. शेवटी दोन कंपन्या उरल्या. टायरवरची नावं काळ्या रंगाने झाकली, वर खडूने रेघ ओढली, एकीची पांढरी, एकीची लाल. कुठली कुणाची ते चालवणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा नियम. आणि चालवणारे काका. कारण टायर कधी सरकणार ते काकांच्या बुडाला टायरच्या आधी कळतं, असं सगळे म्हणायचे. सगळ्यांत मोठ्याने काकांची लेक म्हणायची. तीही त्या तिसांतलीच. गेल्या मोसमात स्वस्तातल्या टायरने दगा दिला आणि तिचा खांदा मोडला होता.

फिटरने गाडी पडद्यामागे नेली. काका बाहेर स्टुलावर बसून राहिले. त्यांनी मनाशी पक्कं केलं: लाल वाईट निघाली तर वाईट म्हणायचं. नोकरी गेली खड्ड्यात. पोरीच्या हाडांचा सौदा आपण करायचा नाही.

लाल रेघ दाखवत गाडी बाहेर आली. काका निघाले.

आणि काय सांगावं! दुसऱ्याच फेरीला त्यांना कळलं. टायर रस्त्याला गोचिडासारखा चिकटला होता. पांढऱ्यावर प्रत्येक वळणाला मागचं चाक सरकल्यासारखं वाटत होतं, ते आता वाटेना. सगळ्यात वाईट वळणावर त्यांनी मुद्दाम गाडी गुडघा टेकेपर्यंत आडवी केली. हूं नाही की चूं नाही. काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. खोटं बोलायची वेळच आली नव्हती! लाल खरोखरच चांगली होती. त्यात नोकरी मिळत असेल तर तो काय आपला गुन्हा?

गॅरेजमध्ये सगळे शर्यतवाले वह्या-पेनं घेऊन उभे होते. काकांनी हेल्मेट काढलं आणि सकाळपासून पहिल्यांदा सगळ्यांकडे सरळ बघितलं.

"पांढरी नको," ते म्हणाले. "मागचं चाक सरकतं. वळणावर घात करणार. लाल डोळे मिटून घ्या."

"बाबा, नक्की ना?" लेकीने विचारलं.

"तुझ्या गळ्याची शपथ."

तिने वहीत लिहिलं. बाकीच्यांनीही लिहिलं. कुणीतरी टाळी वाजवली.

फिटर वेळेचा कागद वाचत होता. बावीस वर्षं त्याने काकांच्या गाडीची चाकं आवळली होती. "लाल रेघेवर फेरीमागे दीड सेकंद कमी," तो म्हणाला.

"बघा!" काका म्हणाले. "घड्याळही तेच सांगतंय."

फिटरने मान वर केली नाही. त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"टायर तपासायच्या आधी मी चालवणारा तपासतो, काका. दरवेळी तपासतो. तुमच्याबाबतीत आजवर कधी चुकलं नव्हतं. पडद्यामागे मी चाकांना हातच लावला नाही. नुसती पांढरी रेघ पुसून लाल ओढली. दोन्ही वेळा टायर तेच होते. दुसऱ्या खेपेला तर दहा फेऱ्या झिजलेले."

काकांना काही बोलायचं होतं, मी खोटं बोललो नाही रे, मला खरंच तसं वाटलं, असं काहीतरी. पण तेच तर सगळ्यात वाईट होतं.

लेकीने वही मिटली.

"बाबा," ती म्हणाली, "लाल कुणाची, हे तुला कुणी सांगितलं?"