कॉइलवरचं कुंकू

चाकणच्या शेडमध्ये द्रव नायट्रोजनात बुडवलेल्या सुपरकंडक्टर कॉइलमधला करंट मिनल वाढवत होती. कॉइल एकशेवीस अँपिअर सोसेल, असं तिचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल सांगत होतं. शून्यावर राहायला हवं ते व्होल्टेज नव्वदलाच थरथरलं. “थांबू नकोस, मॉडेल तुझंच आहे ना?” साहेब खेकसले. ही कॉइल जळली तर दुसरी गुंडाळायला सुपरकंडक्टरची टेप उरलेली नव्हती. पंच्याण्णव. तिनं वाकून पाहिलं. कॉइलच्या कडेवर लाल ठिपका होता, आणि बुडबुडे नेमके तिथूनच उठत होते, म्हणजे कॉइल तिथंच तापत होती. सकाळी तिचा सहकारी प्रज्वल तो ठिपका पाहून म्हणाला होता, “नागसेनभाऊंनी कुंकू लावलंय राव, आता कसली भीती!” पण कॉइल गुंडाळणारे नागसेनभाऊ खंडेनवमीलाही मशीनला कुंकू लावत नसत. तिनं झटक्यात करंट शून्यावर आणला. दापोडीला घरी असलेल्या भाऊंना फोन लावला. “ती खूण होय ताई? टेप तिथं मुरडली होती. म्हटलं, तुमच्या मॉडेलला दिसलंच असेल.”