मशेरीवाली हौसाबाई

खिडकीतून कुंडलिका नदीवरचा पूल दिसत होता आणि पुलाच्या अलीकडे एक पानटपरी. साहिलने तिकडे पाठ केली. सकाळपासून एकही सिगरेट मिळाली नव्हती. पेणहून येताना वाटेत गडब गावात गाडी चहाला थांबली, तेव्हा त्याला जरा आशा वाटली होती. पण दर्शना मॅडम नेमक्या टपरीलाच टेकून उभ्या राहिल्या.

आणि आज परीक्षा कसली, तर लोकांचं व्यसन सोडवायची! डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मॅडम त्यासाठीच रोह्याच्या या दवाखान्यात आणत. एकाने डॉक्टर व्हायचं, दुसऱ्याने पेशंट. पेशंटला बोलतं करायचं, तंबाखू सोडायला राजी करायचं. पाठ केलेलं भाषण ठोकलं की नापास.

साहिलला धास्ती वेगळीच होती. आपण ओढतो हे मॅडमना कळलं तर? या बाई उभ्या उभ्या घरी पाठवतील, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. सोडायचा प्रयत्न करून तो दोन-तीनदा तोंडघशी पडला होता, पण हे सांगणार कुणाला? त्याने आणखी एक वेलदोडा तोंडात टाकला.

"साहिल, तू डॉक्टर. नमिता, तू पेशंट," असं म्हणून मॅडम कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

नमिता त्याच्याच वर्गातली, नदीपलीकडच्या अष्टमी गावची. ओढणी डोक्यावर घेऊन ती समोर येऊन बसली. तिचे हात थरथरत होते, कपाळावर घाम होता. पोरगी काम मात्र झकास करते, साहिलला वाटलं.

"नाव काय, बाई?"

"हौसा. मिठागरावर कामाला हाय."

"विडी ओढता?"

"नाय ओ डाक्टर! आमी बायका विडी वढतो व्हय?"

साहिल अडकला. मग त्याला सुचलं. "दात कशाने घासता?"

"मशेरीनं."

"अहो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की!"

"आसंल. पन सकाळी लावली नाय तर डोकं धरतं. कुनावर तरी खेकसावंसं वाटतं. तुमाला काय कळनार त्यातलं?"

टेबलाखाली साहिलचा पाय नाचत होता. तो त्याने दाबून धरला.

"कळतं मला," तो बोलून गेला.

"कसं?"

"म्हणजे... पुस्तकात आहे."

"माजा भाव कंपनीत शिफ्टला जातो," हौसाबाई म्हणाली. "तो बी वढतो नि नाय म्हनतो. वेलदोडे चगळतो. मी त्याला कदी बोलले नाय. सोडायला किती जड जातं, ते मला ठाव हाय."

साहिलने तोंडातला वेलदोडा गालात सरकवला. त्याने चोरून कोपऱ्याकडे पाहिलं. मॅडमचं लक्ष नमिताकडेच होतं.

"तुमी सोडून बगितली काय कदी?" तिने हळूच विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. पण सकाळपासून, खरं तर गेली काही वर्षं, आवळून धरलेलं सगळं एकदम सुटलं.

"दोन-तीनदा," तो म्हणाला. "परीक्षा आली की पुन्हा सुरू. आईला वाटतं, मी कधीच सोडली. तिच्याशी खोटं बोलायचा कंटाळा आलाय मला." त्याचे डोळे भरून आले आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

तिने उपदेश केला नाही.

"जोडीनं सोडू," ती म्हणाली. "जीव कासावीस झाला तर मला फोन करायचा. कदीपासून?"

"आजपासून."

बोलून झालं आणि साहिल भानावर आला. परीक्षा पार बोंबलली होती. डॉक्टरनेच पेशंटपुढे रडायचं! तो धडपडत उठला.

"सॉरी मॅडम. मी नापास ना?"

"तुझी परीक्षा उद्या आहे. आजची नमिताची होती," मॅडम म्हणाल्या आणि नमिताकडे वळल्या. "पास! पहिलाच पेशंट, आणि किती छान बोलता केलास."