आधी मूठ वाजवायची

“मिग मारून टाकू, वहिनी. जेवणाआधी उरकेल,” धाकटा दीर म्हणाला.

वहिनीनं मिगनं, त्या झटपट पण दांडग्या वेल्डिंगनं, जोडलेला तुकडा त्याच्यापुढे फेकला. स्टेनलेसचा पत्रा, जाडीला पोस्टकार्ड. मध्ये भोक, कडा उन्हातल्या पुठ्ठ्यासारख्या वाकलेल्या.

डक्ट, म्हणजे हवा नेणारा, माणूस रांगेल एवढा पत्र्याचा बोगदा, औषधांच्या कारखान्याचा. सांधा आतून काळा पडला तर माल परत आणि दुकानाला टाळं. म्हणजे आरगॉन वायूचं वेल्डिंगच. बाहेरून बारीक ठिणगी, आणि डक्टची तोंडं बांधून आतही तोच वायू भरायचा. मग सांध्याची पाठ चांदीसारखी राहते.

दिराला हे कळत नव्हतं थोडंच. पण थोरला, वहिनीचा नवरा, गेल्यापासून आत वायू भरायचं नाव काढलं की तो उठून जायचा. थोरला आत सांधे पुसत होता आणि ह्यानंच नळी लावली होती. ह्या वायूला ना वास, ना रंग. हवा ढकलून देतो, माणूस झोपल्यासारखा जातो. अपघात, म्हणाले. दुकान दिराच्या नावावर झालं. लोक हळहळले आणि घरी गेले. हळहळायला काय लागतं?

थोरल्याची वेल्डिंगची टॉर्च वहिनीनं उचलली. नाव दिराचं, हात तिचा.

डक्टच्या वळणापलीकडचा माणूस त्याच्या तोंडातून दिसत नाही. म्हणून दुकानाचा एकच कायदा: वायू सोडण्याआधी पत्र्यावर मूठ वाजवायची. आत कुणी असेल तर तो परत वाजवतो. दिरानं शपथ घेऊन सांगितलं होतं, मी वाजवलं, आतून काही आलं नाही. वहिनीनं ते ऐकून घेतलं होतं. गिळलं मात्र नव्हतं.

आज ती स्वतः आत रांगून आली. रिकामं. तोंडं बांधली, नळी लावली आणि मूठ वाजवली. डक्ट घुमला, कुणी लांब श्वास सोडावा तसा, आणि गप्प झाला. तिनं पत्र्याला कान लावला. काही नाही. तिचा हात सिलिंडरच्या चावीवर गेला.

दिरानं तिचं मनगट धरलं.

“सोडू नका. आत वाजवतंय कुणीतरी.”

“मी कान लावून बसलेय, भाऊजी. मला नाही आलं ऐकू.”

त्याची नजर पत्र्यावरून हलेना.

“हळू असतं, वहिनी. त्या दिवशीही एवढंच हळू होतं.”